नवरा-बायकोनं मिळून बोर्ड गेम बनवायचा, तेही घर-पोरं-नोकरी सांभाळून : कसं जमतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघता येईल. दोघंही आयटीत, चिंचवडला राहता, मुलगी साडेतीन वर्षांची. किल्ल्यांवरचा एक गेम आठ महिने चाललाय, १२० कार्डं, चार भिडू, ९० मिनिटांचा डाव, आणि या आठ महिन्यांत पूर्ण डाव झालाय फक्त तीनदा, त्यातल्या दोन वेळा शेवटी भांडण. वेळ कुठून आणायचा, काम कसं वाटून घ्यायचं, यातून पैसे मिळतात का, आणि आता हा गेम पुढे न्यायचा की सोडायचा, असे चार प्रश्न आहेत.

आम्ही दोघं हे नऊ वर्षं करतोय. मी एका सीएकडे अकाउंट्स बघते, नवरा मशीन डिझाइनमधे, मुलगी बारा वर्षांची, मुलगा सातचा, सासूबाई आमच्याकडेच असतात. दोन गेम स्वतः छापले, एक प्रकाशकाला दिला, आणि माळ्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत मेलेले गेम किती पडलेत ते मोजायचं मी सोडून दिलंय, अकरा-बारा तरी असतील. तेव्हा मी सांगतेय ते मुख्यतः त्या डब्यांच्या जोरावर सांगतेय.

वेळ निघत नाही, हे आधी मान्य करून टाका. आमच्याकडे पोरं साडेनऊला झोपतात, मग ओटा आवरायचा, उद्याची भाजी निवडायची, की पावणेदहा-दहा ते अकरा असा तासभर उरतो, आणि त्यातही आठवड्यातून दोन दिवस कुणीतरी एक जण थकून आडवं झालेलं असतं, एखाद्या दिवशी कुणाला तरी ताप, एक दिवस कुणाचा तरी फोन. म्हणजे आठवड्याचे खरे तीन तास धरा. आता तुमचा गेम मांडायला पंधरा मिनिटं, खेळायला ९०, आवरायला दहा, आणि नंतर काय चुकलं ते बोलायला वेळच नाही कारण तोवर बारा वाजलेले असतात आणि मग जे बोललं जातं ते भांडणच असतं. तुमचा गेम वाईट आहे की चांगला ते मला माहीत नाही पण तुम्हालाही माहीत नाहीये, तीन डावांत काही कळत नाही. आमचा पंगतीत जेवण वाढण्यावरचा पत्त्यांचा एक गेम आहे, त्याचे वहीत १३७ डाव नोंदलेत. तो गेम वीस मिनिटांचा आहे, म्हणजे नुसत्या खेळण्यात ४५ तास गेले. तुमचा गेम तेवढ्या वेळा खेळायचा तर २०५ तास लागतील, आठवड्याला तीन तासांनी सव्वा वर्षाच्या वर, आणि तेही एकही दिवस न चुकता.

म्हणून आमच्याकडे एक ठोकताळा आहे, की जेवढा सलग वेळ मिळतो त्याच्या निम्म्यात डाव संपला पाहिजे. तास असेल तर अर्ध्या तासाचा गेम. उरलेल्या अर्ध्या तासात वहीत लिहायचं, एक गोष्ट बदलायची आणि जमलं तर लगेच दुसरा डाव टाकायचा. मोठा गेम बनवायचाच असेल तर तो तुकड्यातुकड्यात तपासायचा, रोज अख्खा खेळायची गरज नसते. आज फक्त पहिल्या तीन फेऱ्या. उद्या शेवटची दहा मिनिटं, म्हणजे शेवटाजवळची परिस्थिती हातानंच मांडायची, याच्याकडे एवढे किल्ले, तिच्याकडे एवढं धान्य, आणि तिथून पुढे खेळायचं. शेवट कंटाळवाणा होतोय की रंगतोय हे कळायला आधीचा तासभर खेळावा लागत नाही. हे आम्हाला कळायला चार वर्षं लागली, तुम्हाला फुकट देतेय.

आणि कॅरम बोर्ड. गंमत नाही करत. नमुना, म्हणजे घरी बनवलेला कच्चा गेम, नेहमी कॅरम बोर्डवर मांडायचा, कडेची पट्टी असते त्यामुळे सोंगट्या ओघळत नाहीत, आणि मधेच पोरगं उठून रडायला लागलं की डाव आहे तसा दिवाणाखाली सरकवता येतो. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. आधी आम्ही जेवायच्या टेबलवर मांडायचो, सकाळी डब्यांची घाई, सगळं गोळा करून पिशवीत, आणि रात्री परत पहिल्यापासून.

नमुन्याला खर्च करू नका, हेही ओघात सांगते. जुन्या लग्नपत्रिकांइतका चांगला जाड कागद दुसरा मिळत नाही आणि तो प्रत्येक मराठी घरात गठ्ठ्यानं पडलेला असतो. सोंगट्यांना चिंचोके, सुपाऱ्या, शर्टाची बटणं. बाकी काही लागलं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात तासाभरात सगळं मिळतं. नमुना जितका देखणा तितकं त्यात खाडाखोड करायला जिवावर येतं. माझ्या नवऱ्यानं एकदा पंधरा दिवस खपून संगणकावर कार्डं सजवली होती आणि मग त्यातलं एक कार्ड काढून टाक म्हटलं तर दोन दिवस गप्प होता.

आता भांडणं. हा खरा प्रश्न आहे तुमचा, वेळेचा नाहीये.

आमच्या लक्षात असं आलं की नवरा-बायकोची भांडणं गेमवरून सुरू होतात आणि पोचतात वेगळ्याच ठिकाणी. "हा नियम मला नाही पटला" याचं दुसऱ्याला ऐकू येतं "तुझं काहीच मला पटत नाही", आणि त्यात दिवसभराचा दळणाचा, शाळेच्या फीचा, तुझ्या आईचा-माझ्या आईचा सगळा राग मिसळतो. यावर आमचा उपाय साधा आहे. पेन एकाच्याच हातात. गेमची एक आवृत्ती चालू असेपर्यंत तिचा मालक एक जण, नियम बदलायचा हक्क फक्त त्याला. दुसऱ्याचं काम गेम मोडायचं. मोडायचं म्हणजे अगदी निर्लज्जपणे जिंकायचं, नियमात बसतं ना मग करायचं, आणि जिथे मोडला तिथे बोट ठेवून गप्प बसायचं. दुरुस्ती सुचवायची नाही. ही अट फार महत्त्वाची आहे आणि फार अवघड आहे, विशेषतः इंजिनिअर नवरा असेल तर, कारण त्यांना प्रॉब्लेम दिसण्याआधीच सोल्युशन दिसत असतं. आवृत्ती संपली की पेन दुसऱ्याकडे. आणि दोन डावांच्या मधे एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही आणि मग दोघंही श्रेय आपल्याकडे ओढतात.

एक प्रसंग सविस्तर सांगते म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान वाटणार नाही. पंगतीच्या गेममधे प्रत्येकापुढे केळीचं पान असतं, त्यावर पदार्थांच्या जागा ठरलेल्या, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, उसळ, मधे वरणभात. हातातल्या पत्त्यांतला एक ठेवून घ्यायचा आणि बाकीचे डावीकडच्याला द्यायचे, वाढपी पंगतीत पुढे सरकतो ना तसे. आणि नियम असा की पानात मीठ पडल्याशिवाय दुसरं काही वाढता येणार नाही. आम्हाला दोघांनाही हा नियम फार आवडला होता, एकदम आपला वाटायचा. ६० पत्ते, त्यात ६ मिठाचे. आम्ही दोघं खेळायचो तेव्हा काही अडचण नाही, वीसेक डाव मस्त झाले.

मग गौरीच्या दिवसांत सासूबाई खेळायला बसल्या. चार जणं. त्यांनी पहिल्या तीन खेपांना तिन्ही वेळा मीठ उचललं. एक स्वतःच्या पानात, दोन मांडीखाली. एक मीठ गड्डीत तळाला राहिलं होतं. उरली दोन मिठं, आणि आम्ही तिघं. माझी मुलगी तेव्हा आठची, पाच खेपा रिकामं पान घेऊन बसली, डोळ्यांत पाणी. नवरा म्हणाला आई असं कोणी करतं का, पंगतीत मीठ अडवून ठेवतं का कोणी. त्या म्हणाल्या, "पंगतीत नाही करत. तुमच्या नियमात बसतंय."

बरोबर होतं त्यांचं. नऊ वर्षांतली ती सगळ्यात चांगली टेस्टर.

पुढचे बारा दिवस आम्ही भांडलो. त्याचं म्हणणं एकाला एकच मीठ घेता येईल असा नियम घाला आणि जास्त घेतलं तर गुण कापा. माझं म्हणणं मीठ आठ करा म्हणजे कमी पडणार नाही. दोघांचेही उपाय काहीतरी वाढवणारे होते, त्याचा एक नियम वाढवणारा, माझा दोन पत्ते वाढवणारा. आणि मग छपाईचं कोटेशन आलं. डिजिटल छपाईचा कागद असतो तेरा बाय एकोणीस इंची, त्यावर ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नेहमीच्या मापाचे पत्ते कापायची जागा सोडून आरामात १८ बसतात. ५४ पत्त्यांना तीन कागद. आमचे ६०, म्हणजे चौथा कागद फक्त सहा पत्त्यांसाठी, आणि सहा म्हणजे नेमकी ती मिठंच. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मीठ पानावरच छापून टाकलं, सगळ्यांच्या पानात पहिल्यापासून वाढलेलं. नियम गेला, सहा पत्ते गेले, अडवणूक गेली, चौथ्या कागदाचे पैसे वाचले, आणि पंगतीत मीठ आधी वाढतात हेही खरंच राहिलं. बारा दिवसांत दोघांपैकी एकालाही काढून टाकायचं सुचलं नव्हतं कारण तो नियम दोघांचा लाडका होता.

जोडीनं काम करणारे जगात बरेच आहेत, तुम्ही काही वेगळं करत नाही आहात. क्लूडो माहीत असेल, बंगल्यात खून झालाय आणि कुणी, कशानं, कुठल्या खोलीत ते शोधायचं. तो दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी काढला आणि बोर्ड, म्हणजे तो बंगल्याचा नकाशा, त्यांच्या पत्नी एल्वा यांनी आखला. १९४४ मधे पेटंटचा अर्ज, आणि बाजारात आला १९४९ मधे, युद्धानंतरच्या टंचाईमुळे. पुढे १९५३ मधे परदेशातले हक्क त्यांनी ५,००० पौंडांना देऊन टाकले, आणि गेम नंतर जगभर किती खपला ते तुम्हाला माहीतच आहे. करारावर सही करताना आम्ही दोघं "प्रॅट होऊ नकोस" असं म्हणतो एकमेकांना. आणि आजच्या काळातलं उदाहरण म्हणजे जर्मनीचे इंका आणि मार्कुस ब्रँड, नवरा-बायको, घरात दोन मुलं. त्यांच्या व्हिलेज या गेमला २०१२ चा केनरश्पील देस यारेस मिळाला, म्हणजे तिकडचा जरा मुरलेल्या खेळाडूंसाठीचा वर्षातला उत्तम गेम, आणि २०१७ ला एक्झिट मालिकेसाठी परत तोच. व्हिलेजमधे तुमच्या घरातली माणसं म्हातारी होतात आणि मरतात, आणि मेल्यावर गावाच्या इतिहासात त्यांचं नाव लागतं नाहीतर बिननावाच्या थडग्यात जागा मिळते. मला नेहमी वाटतं की हा गेम एखाद्या घरातच सुचू शकतो, ऑफिसात नाही. त्यांचाच एक भारतावरचा आहे, राजाज ऑफ द गँजेस, त्यात पैसा आणि कीर्ती असे दोन मार्ग एकमेकांच्या उलट दिशेनं जातात आणि तुमच्या दोन सोंगट्या एकमेकींना ओलांडतील तेव्हा डाव संपतो. एकदा खेळून बघा, शेवट कसा बांधायचा यासाठी तरी.

पुढचा मुद्दा चाचणीचा, आणि इथे जोडपी हमखास फसतात. नवरा-बायको हे एकमेकांचे सगळ्यात वाईट टेस्टर. मला त्याच्या भुवईवरून कळतं हातात काय आहे, त्याला माहीत असतं मी धोका पत्करणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे नियमातली भोकं आम्ही न बोलता बुजवतो. "हे झालं की मग ते" असं कुठे लिहिलेलंच नसतं, पण दोघांच्या डोक्यात असतं, त्यामुळे गेम चालतो. म्हणून आमच्या दोघांतले डाव वहीत निळ्या पेननं लिहितो आणि बाहेरच्यांचे लाल पेननं, आणि निर्णय लाल पेनावरच. १३७ पैकी लाल होते ५२.

बाहेरचे म्हणजे कोण? गणपतीत आणि मे महिन्यात घर भरलेलं असतं, तेव्हा नवीन काही बनवायचं नाही, फक्त खेळवायचं. सोसायटीत दोन कुटुंबं धरून ठेवलीत. पहिल्यांदा तुम्ही समजावून खेळवा, हरकत नाही, पण शेवटी शेवटी मात्र नियमांचा कागद आणि डबा त्यांच्या हातात द्यायचा आणि दोघांनी कोपऱ्यात बसायचं तोंड शिवून. भयंकर त्रास होतो. समोर माणूस चुकीचं खेळतोय, नियम उलटा वाचतोय, आणि तुम्ही बोलायचं नाही, फक्त कुठल्या ओळीवर अडखळला ते टिपायचं. माझ्या नवऱ्याला मी अशा वेळी स्वयंपाकघरात पोहे करायला पाठवते कारण त्याला गप्प बसवत नाही.

आणि आपली माणसं तोंडावर वाईट सांगत नाहीत. "छान आहे हो, मुलांना आवडेल", हे ऐकलं की समजायचं गेम पडला. "वेगळाच आहे" म्हणजे तर फारच पडला. तोंडाकडे बघायचंच नाही, हाताकडे बघायचं, दुसऱ्याची पाळी चालू असताना हा मोबाइल उचलतोय का. डाव संपल्यावर पत्ते आपणहून पिसायला घेतोय का. कुणी हरल्यावर "अजून एक डाव" म्हणालं की ती रात्र सार्थकी लागली.

मुलांबद्दल. तुमची साडेतीन वर्षांची आहे, तिला बाजूला ठेवून हे करता येणार नाही, ती येऊन बसणारच. आपल्याकडे यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय आहे, कच्चं लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं, पण तो आउट होत नाही. आम्ही प्रत्येक गेममधे सुरुवातीपासून एक कच्च्या लिंबाचं काम ठेवतो, आणि ते खोटं काम नको, पोरांना लगेच कळतं. फासे टाकणं, वरचा पत्ता उलटणं, धान्य वाटणं. आमच्या एका गेममधे तर मुलासाठी ठेवलेलं काम इतकं चांगलं जमलं की तो पुढे खरा नियम झाला, दर फेरीला वाढपी बदलतो आणि वाढप्याच्या हातात एक निर्णय असतो. मात्र बटणं-चिंचोके लहान मुलांच्या हातात देताना समोर बसा, अजून तोंडात घालायचं वय संपलेलं नसतं.

थोडी मोठी झाली की तिच्याबरोबर चिंचोके टाकून बघा. चिंचोका फोडून त्याच्या दोन डाळ्या, आतली बाजू पांढरी, बाहेरची काळपट, चार डाळ्या एकदम टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. हिशेबानं सोळा शक्यता, त्यात दोन पांढऱ्या सहा वेळा, एक किंवा तीन प्रत्येकी चार वेळा, आणि शून्य किंवा चार फक्त एकेकदा. म्हणजे सहा बाजूंच्या फाशासारखं सगळं सारखं नाही, मधलं जास्त येतं आणि टोकाचं क्वचित, म्हणून चार पडले की घर दणाणतं. खऱ्या चिंचोक्यांत निम्मंनिम्म नीट येतही नाही, आकार वेडावाकडा असतो, पण चव तीच. आमच्या आज्यांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं पण चार पडल्यावर परत एक दान द्यायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. दोन-तीन वर्षं अशी गेली की मुलांबरोबर खेळायला बसलो की ती चाचणीच असायची, नवरा घड्याळ लावायचा, मी वही घेऊन. एका रविवारी मुलीनं विचारलं, आज आपण नुसतं खेळूया का, तपासायचं नाही. तेव्हापासून रविवारी दुपारी फक्त जुने पत्ते, लुडो, नाहीतर दुसऱ्यांनी बनवलेले गेम, आणि वही कपाटात. मॅट लीकॉक यांचा २००८ चा पँडेमिक आमच्याकडे याच वेळात खेळला जातो. त्यात सगळे मिळून साथीच्या रोगांविरुद्ध लढतात, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे, त्यामुळे चिडका बिब्बा कुणी होत नाही.

पैसे. हं.

आम्ही पहिल्यांदा २०० प्रती काढल्या, एकीला ३१० रुपये खर्च, म्हणजे ६२ हजार. किंमत ठेवली ७९९ आणि वाटलं चांगले सुटतील. दुकानदार ४० ते ५० टक्के ठेवतो, हातात येतात चारशे-साडेचारशे, त्यातून छपाई, जीएसटी, कुरिअर, वाटेत चेपलेले कोपरे बदलून द्यायचे, शेवटी एका डब्यामागे पन्नासेक रुपये आणि त्यात आमच्या रात्री धरलेल्याच नाहीत. दुकानातून विकायचं असेल तर खर्चाच्या चार-पाच पट किंमत ठेवावी लागते, नाहीतर हात घालूच नये. दीड वर्षात १४० गेले, बहुतेक स्वतःच्या हातानं, ओळखीत आणि प्रदर्शनात. उरलेले माळ्यावर. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब मी अकाउंट्सवाली असूनही नवऱ्याला दाखवला नव्हता. स्क्रॅबलचा इतिहास वाचला तेव्हा बरं वाटलं, अमेरिकेत कनेक्टिकटमधे जेम्स ब्रूनो आणि त्यांची बायको संच हातानं बनवून विकायचे, १९४९ मधे २,४०० संच विकून ४५० डॉलरचा तोटा झाला होता. आणि कॅटान हा गेम काढणारे क्लाउस टॉयबर दातांच्या लॅबचा धंदा करायचे, तळघरात गेम बनवायचे, घरच्यांबरोबर खेळून बघायचे, १९९५ ला त्याला वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून बक्षीस मिळालं तरी त्यांनी धंदा लगेच सोडला नाही, नव्वदचं दशक संपता संपता सोडला. तुमच्यापैकी कुणी राजीनाम्याचा विचार करत असेल तर हे फ्रिजवर चिकटवा.

प्रकाशकाला द्यायचा रस्ता आम्हाला जास्त मानवला. साधारण ५ ते ८ टक्के रॉयल्टी मिळते, तीही छापील किमतीवर नाही तर बहुधा प्रकाशकाच्या हातात येणाऱ्या रकमेवर, तेव्हा करारात "कशाच्या टक्के" हे आधी वाचा. दोघांची नावं डब्यावर आणि करारात, दोन्हीकडे. बायकोचं नाव "साहाय्य" म्हणून घालायचा आग्रह आम्हाला एकदा झाला होता, आम्ही उठून आलो.

छपाईत आम्ही जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. पत्त्याच्या चारी बाजूंना ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडा, नाहीतर कापताना पांढरी कड येते. आणि पत्त्यांच्या पाठी सगळ्या एकाच वेळी छापून घ्या, दहा टक्के जास्तीच्या. आमचे कापण्यात अकरा संच कमी भरले, ते महिन्यानं परत छापले, पाठीचा मरून रंग किंचित वेगळा आला, आणि दोन्ही लॉट एकत्र झाले. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ताई तुमची जिलबी पाठीवरून ओळखू येते. प्रेसवाल्याची चूक नव्हती, जास्तीचे कागद आम्हीच मागितले नव्हते.

कायद्याचं थोडक्यात. आयडिया चोरीला जाईल म्हणून कुणाला दाखवत नाही असं तुम्ही लिहिलंय. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधे खेळ खेळायची पद्धत पेटंट होत नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि कॉपीराइट मिळतो तो चित्रांना आणि नियमपुस्तिकेच्या शब्दांना, मूळ कल्पनेला नाही. म्हणजे लपवून काही मिळत नाही, आणि न दाखवल्यानं गेम मात्र कच्चा राहतो. दुसरं, १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का लागतो, तेव्हा मुलांसाठी करणार असाल तर तो खर्च आणि वेळ आधीच धरा, डब्यावर नुसतं १४+ छापून मुलांचा गेम मोठ्यांचा होत नाही. जीएसटी सप्टेंबर २०२५ मधे बोर्ड गेमवर १२ वरून ५ टक्के झालाय, तेवढाच दिलासा.

आता तुमचा किल्ल्यांचा गेम. सोडू नका, पण आहे तसा पुढेही नेऊ नका. १२० कार्डं टेबलवर पसरा आणि दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, प्रत्येकी ५४ निवडा. जी दोघांच्याही निवडीत आली ती ठेवा, बाकीची डब्यात. बहुतेक तीसेक निघतील आणि तोच तुमचा गेम आहे. तुम्ही लिहिलेल्यापैकी मला रात्री दोर लावून कडा चढायचा भाग आवडला, जिथे किती माणसं वर गेली ते शत्रूला कळत नाही. धान्य, दारूगोळा, पाणी, खजिना, घोडे, हेर असे सहा साठे मोजत बसण्यापेक्षा तेवढा एक कडा घेऊन वीस मिनिटांचा डाव करून बघा, दोघांचा. पेन पहिल्यांदा वहिनींकडे द्या, कारण तुमचं पत्र वाचून आत्तापर्यंत ते कुणाकडे होतं ते कळलंच. आणि दहा डाव झाले की मला कार्डं पाठवा, गौरीला सासूबाईंपुढे ठेवते.